विदर्भाच्या हवेत रोज लावायला अंबर-व्हॅनिलाचा सेंट कसा निवडावा

नागपूरच्या एसी दुकानात २४ अंशांवर जो सुगंध मऊ आणि उबदार वाटतो, तोच मे महिन्यात दुपारी २ वाजता दिग्रसच्या बसस्टँडवर ४४ अंशांत घशाशी येतो. अंबर-व्हॅनिलाच्या बाबतीत हे हमखास होतं. म्हणून आपल्याकडे अनेकजण सांगतात, हे सुगंध थंड प्रदेशातल्या लोकांचे, विदर्भात फक्त मोगरा, खस नाहीतर गुलाब. मला हे पटत नाही. वर्षातले चार-साडेचार महिने हा सुगंध आपल्या हवेत फार सुंदर खुलतो आणि उरलेल्या दिवसांतही त्याची एखादी हलकी जात चालून जाते. मात्र निवडताना दुकानातली गार हवा विसरायची आणि आपल्या दिवसातला सगळ्यात तापलेला तास डोळ्यासमोर ठेवायचा. पुढचं सगळं त्याच हिशेबाने सांगते.

बाटलीत काय असतं ते आधी समजून घ्या

सेंटच्या डब्यावर लिहिलेला अंबर हा एक पदार्थ नसून जुळवलेलं मिश्रण असतं. त्यात मुख्यतः लॅब्डॅनम असतं, म्हणजे स्पेनकडच्या डोंगराळ भागात वाढणाऱ्या सिस्टस नावाच्या झुडपाच्या पानांवरचा चिकट राळेसारखा स्राव. सोबत ऊद, ज्याला लोबानही म्हणतात (सेंटच्या डब्यावरचा ‘Oud’ म्हणजे अगर, तो वेगळा). गुरुवारी संध्याकाळी धुपाटण्यात निखाऱ्यावर टाकतो तोच. आणि तिसरी व्हॅनिला. या तिघांचं प्रमाण बदललं की अंबरचा स्वभाव बदलतो. लॅब्डॅनम वाढलं की तो चामड्यासारखा, गडद होतो. ऊद वाढला की देवघरासारखा. व्हॅनिला वाढली की मिठाईसारखा.

व्हेल माशापासून मिळणारा अंबर ही निराळी वस्तू आहे. रोजच्या सेंटमध्ये तो नसतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तो बाळगणं आणि विकणं गुन्हा आहे. त्यामुळे जत्रेत कोणी ‘असली मछली का अंबर’ म्हणून खडा दाखवला तर सरळ पुढे चालू लागा.

व्हॅनिला ही मूळची मेक्सिकोतली एका ऑर्किडची शेंग. फूल जेमतेम एक दिवस उमलतं आणि मेक्सिकोबाहेर त्याचं परागीभवन आपोआप होत नव्हतं. १८४१ मध्ये रियुनियन बेटावर एडमंड आल्बियस या १२ वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडीने ते हाताने करून दाखवलं. आजही मादागास्करपासून केरळ-कर्नाटकापर्यंत व्हॅनिलाचं फूल त्याच रीतीने हाताने फळवतात. जगभरच्या एवढ्या मोठ्या धंद्याची किल्ली एका गुलाम पोराच्या बोटांत होती, हे ही बाटली हातात घेताना माझ्या मनात येतंच. शेंगेतला मुख्य वास व्हॅनिलिनचा. ते १८७४ मध्ये जर्मनीत प्रयोगशाळेत तयार झालं आणि मग सुगंधांच्या जगात व्हॅनिला स्वस्त झाली. १९२५ मध्ये फ्रान्सच्या गेरलां कंपनीने काढलेल्या ‘शालिमार’मध्ये व्हॅनिलिनची आणखी तीव्र बहीण, एथिल व्हॅनिलिन, भरपूर वापरली. तेव्हापासून अंबर आणि व्हॅनिलाची जोडी पक्की झाली. आपल्याला परवडणाऱ्या बाटल्यांत व्हॅनिला कारखान्यातलीच असते. त्यात कमीपणा काही नाही, वास चांगला जुळवलाय की नाही एवढंच पाहावं.

हे सगळे घटक जड असतात, हळूहळू उडतात, म्हणून हा सुगंध अंगावर सहा-आठ तास राहतो. पण अंग तापलं की उडण्याचा वेग वाढतो. बाटलीतला लिंबू-संत्र्यासारखा हलका भाग उन्हात काही मिनिटांत निघून जातो आणि मागे गोड, राळेचा जाड भाग एकदम वर येतो. घशाशी येण्याचं कारण हेच.

आपला दिवस कागदावर मांडा

कोणता सेंट चांगला, हा प्रश्न नंतर. आधी आपण तो कुठे लावून जाणार हे लिहून काढा. जिल्हा परिषदेच्या शाळेत एका पंख्याखाली चाळीस मुलांसमोर उभं राहणारी शिक्षिका, कृषी केंद्राच्या पत्र्याच्या दुकानात बसणारा माणूस, रोज एसटीने तालुक्याला कॉलेजात जाणारी मुलगी, घरोघरी फिरणारी आशाताई, या सगळ्यांचा तापलेला तास वेगळा. शिक्षिकेला दुपारच्या बंद खोलीचा विचार करावा लागतो, कॉलेजच्या मुलीला गच्च भरलेल्या गाडीचा. आशाताईंना तर बाळंतिणीच्या खोलीत जायचं असतं. तिथे तान्ह्या बाळाजवळ कुठलाच सेंट नको.

शेतात राबणाऱ्यांनी कामाच्या वेळी लावू नये, संध्याकाळी हातपाय धुतल्यावर लावावा. घामात तो टिकत नाही आणि पैसे वाया जातात. शिवाय शिवारात आग्या मोहोळ असेल तर फुला-फळांचे गोड वास अंगावर नकोतच. विशेष करून केळीच्या वासाचे. मधमाशी डंख मारताना इतर माश्यांना चेतवणारं जे रसायन सोडते त्यातला मुख्य घटक, आयसोअमाइल अॅसिटेट, हुबेहूब पिकल्या केळीसारखा वास देतो. मेळघाट, नागझिरा, ताडोबाच्या बाजूला जंगलात जाणाऱ्यांनीही त्या दिवशी बाटली घरीच ठेवावी.

आता विदर्भातल्या एका सवयीबद्दल. उन्हाळ्यात आपण बाया, पोरी आणि बरेचसे पुरुषही दुपट्टा किंवा रुमाल डोक्या-तोंडाला गच्च बांधून गाडीवर निघतो. गळ्यावर, कानामागे मारलेला सेंट त्या कापडाखाली अडकतो आणि तासभर तोच वास नाकात जातो. व्हॅनिला असेल तर डोकं धरणारच. त्यामुळे तुम्ही तोंड बांधून प्रवास करत असाल तर मान विसरा. कोपराच्या आतल्या बाजूला, पोटरीवर किंवा कपड्याच्या आत कमरेपाशी लावा.

मग जात ठरवा

अंबर-व्हॅनिला म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांत मला चार जाती दिसतात.

पहिली खाऊसारखी गोड: कॅरमेल, खजूर, दालचिनी, भाजलेला सुकामेवा. लट्टाफा कंपनीचा ‘खमराह’ याच घरातला, म्हणूनच तो तरुण मुलांत इतका चालतो. हिवाळ्याच्या रात्री लग्नाच्या मांडवात हा सुगंध राजासारखा शोभतो. रोजसाठी मात्र तो फक्त डिसेंबर-जानेवारीत, तोही अर्धा फवारा.

दुसरी धुपाची: ऊद, राळ, थोडा धूर. यात गोडवा दबलेला असतो आणि आपल्या घरातल्या माणसांना तो परका वाटत नाही. सासूबाईंना सेंटचा वास आवडत नसेल तर या जातीपासून सुरुवात करा.

तिसरी कोरडी, लाकडाची: चंदन, देवदार, खस यांच्या आधाराने उभा राहिलेला अंबर, व्हॅनिला अगदी मागे. आपल्या हवेत रोजसाठी मी हीच जात आधी सुचवते. दुपारी आपल्याकडची उन्हाळी हवा अगदी कोरडी असते आणि कोरडा लाकडी वास त्या हवेत पसरतो पण चिकटत नाही. यात खस असेल तर फारच उत्तम. कूलरला खसाच्या जाळ्या लावून वाढलेल्या माणसाला तो वास आला की थंड वाटतंच, आणि अंबरचा ऊबदारपणा त्याने तोलला जातो.

चौथी, सुरुवातीला संत्रं, बर्गमॉट (लिंबू-संत्र्याच्या जातीचं एक फळ) किंवा संत्र्याच्या फुलाचा वास देणारी आणि तासाभराने व्हॅनिलावर येणारी. वरूड, मोर्शी, काटोल, नरखेडच्या लोकांना ही वेगळी सांगायला नको. जानेवारी-फेब्रुवारीत संत्र्याला आंबिया बहार फुटतो तेव्हा संध्याकाळी बागेच्या रस्त्याने जाताना जो गोड, किंचित कडसर वास येतो, त्याच्याखाली हलकी व्हॅनिला ठेवली तर जे होईल ते या बाटलीत असतं. डब्यावर ऑरेंज ब्लॉसम किंवा नेरोली लिहिलेलं शोधा.

ऋतूचा हिशेब असा ठेवा. दिवाळी ते होळी हा अंबर-व्हॅनिलाचा खरा हंगाम. गोंदिया-नागपूरकडे रात्री पारा दहा अंशांच्या आत येतो तेव्हा गोड जातसुद्धा सुरेख लागते. होळीनंतर कोरडी किंवा संत्र्याची जात, सकाळीच आणि कमी. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, काहीही लावू नका, नाहीतर साधा खस लावा. पावसाळ्यात हवा दमट, कपडे अर्धे ओले. तेव्हा धुपाची जात चालते, गोड जात कुबट वासात मिसळून वाईट लागते. ऑक्टोबरचं ऊन मेसारखंच समजा.

अत्तर, परफ्यूम की बॉडी स्प्रे

बॉडी स्प्रेमध्ये सुगंधाचं प्रमाण फार थोडं असतं. डब्यावर व्हॅनिला लिहिलेलं असलं तरी अर्ध्या-एक तासात उरत नाही, आणि मग माणूस दिवसभर मारत राहतो. परफ्यूमच्या बाटल्यांत ओ द तॉयलेतमध्ये (डब्यावर EDT) साधारण ५ ते १५ टक्के सुगंधी अर्क असतो, ओ द परफ्यूममध्ये (EDP) १५ ते २० टक्के. गोड व्हॅनिला घ्यायची असेल तर ती ओ द तॉयलेतमध्ये घ्या, म्हणजे अंगावर येत नाही. कोरडा अंबर ओ द परफ्यूममध्ये घेतला तरी चालतो, उलट तो त्यातच भरीव लागतो.

अत्तराकडे मात्र आपल्या लोकांनी नीट पाहावं असं मला वाटतं. त्यात अल्कोहोल नसतं, त्यामुळे ते एकदम उसळत नाही, अंगालगत राहतं, शेजारच्याला त्रास देत नाही. ३ मिलीची कुपी मिळते, म्हणजे खर्च थोडा. कनौजच्या अत्तरांना भौगोलिक मानांकन आहे आणि तिथलं मसाले व मुळ्यांपासून बनणारं ‘शमामा’ अंबर आवडणाऱ्याने एकदा तरी हुंगावं. स्वस्त ‘अंबर’ अत्तर हे बहुधा तेलात किंवा द्रावकात घातलेलं कृत्रिम मिश्रण असतं. वास आवडला तर घ्यायला हरकत नाही, पण चंदनतेलाचं म्हणून जास्त पैसे देऊ नका.

नागपुरात मोमिनपुऱ्यात किंवा ताजबागच्या आसपास अत्तरवाल्याकडे गेलात तर नाव सांगू नका, वास सांगा. ‘चाचा, मीठा कम, लोबान ज्यादा, ऐसा कुछ दिखाओ ना,’ एवढं म्हटलं की जाणता दुकानदार बरोबर दोन कुप्या पुढे करतो. अत्तर कापसाच्या फायावर घेऊन कानाच्या पाळीत ठेवायची जुनी रीत उन्हाळ्यातही कामाची आहे. कातडीला तेल लागत नाही, नको वाटलं की फाया काढून टाकता येतो. कापूस तर आपल्या घरचाच.

हुंगायला जाताना

तालुक्याच्या दुकानात टेस्टर क्वचितच असतो आणि डबा उघडू देत नाहीत. त्यामुळे नागपूर, अमरावती, अकोल्याला दुसऱ्या कामाने जाणं होईल तो दिवस धरा, किंवा २-३ मिलीचे नमुने ऑनलाइन मागवा. २ मिलीत साधारण वीस फवारे निघतात. परीक्षेला ते पुष्कळ झाले.

त्या दिवशी अंगाला काही लावू नका, केसांना वासाचं तेलही नको. सावजी जेवणाआधी जा, नंतर नाही. आधी कागदाच्या पट्टीवर हुंगा, पट्टीवर नाव लिहा. तीनपेक्षा जास्त वास घेतले की नाक फरक करत नाही. दुकानात कॉफीच्या बिया पुढे करतात, त्यांनी विशेष काही होत नाही. आपल्याच कोपरात नाक खुपसून दोन श्वास घ्या, तेवढं पुरे. तिघांतले दोन निवडून एकेका मनगटावर लावा. मनगटं एकमेकांवर घासू नका.

आणि मग दुकानातून बाहेर पडा. काही घेऊ नका. दुकानदार म्हणेल, ‘ताई, आज ऑफर आहे न, उद्या नाही भेटणार.’ भेटते, पुन्हा भेटते. बाहेर उन्हात दहा मिनिटं चाला आणि हुंगा. पहिल्या पंधरा मिनिटांचा वास हा फक्त दार उघडण्यापुरता असतो. आपल्याला ज्याच्यासोबत दिवस काढायचा तो वास अर्ध्या तासाने येतो. एसटीत बसल्यावर हुंगा, घरी पोचल्यावर हुंगा, रात्री झोपताना हुंगा. पट्टी उशाशी न ठेवता दुसऱ्या खोलीत ठेवा आणि सकाळी पुन्हा पाहा. चांगला अंबर दुसऱ्या दिवशी सकाळी कागदावर ऊद आणि लाकडासारखा उरतो. वाईट असेल तर प्लास्टिकसारखा किंवा जळक्या साखरेसारखा वास येतो, तो लगेच कळतो.

नमुना घरी असेल तर परीक्षा अजून सोपी. आपण कागदावर मांडलेल्या तापलेल्या तासाच्या बरोबर दोन तास आधी एक फवारा मारा आणि नेहमीची कामं करा. तो तास आला की स्वतःच्या नाकावर विसंबू नका, कारण तोवर नाक त्या वासाला सरावलेलं असतं. घरातल्या किंवा शाळेतल्या स्पष्ट बोलणाऱ्या माणसाला विचारा, ‘वास येतो का? किती लांबून?’ हात लांब केल्यावर पोचेल एवढाच येत असेल तर रोजसाठी तो बरोबर. खोलीत शिरताच येत असेल तर तो समारंभाचा.

पहिल्यांदाच लावणार असाल तर कोपराच्या आतल्या बाजूला थेंब लावून दोन दिवस थांबा. खाज, लाली आली तर सोडून द्या. पेरू बाल्सम या राळेची अॅलर्जी असलेल्यांना व्हॅनिला, ऊद, दालचिनी यांचाही त्रास होऊ शकतो. घरात दम्याचा माणूस असेल तर त्याच्यासमोर फवारा मारायचा नाही.

पैसे आणि लेबल

एका दाबण्यात साधारण ०.१ मिली सेंट निघतो. म्हणजे ३० मिलीच्या बाटलीत ३०० फवारे. ती ९०० रुपयांना असेल तर फवारा ३ रुपयांना पडला, रोज दोन मारले तर ६ रुपये. दिवसातून दहादा मारावा लागणाऱ्या बॉडी स्प्रेचाही, तो किती दिवस पुरतो ते पाहून, असाच हिशेब करा आणि मग ठरवा.

डब्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, तयार केल्याची तारीख, मुदत, एमआरपी आणि घटक छापलेले असलेच पाहिजेत. परदेशी माल असेल तर आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांकही. आठवडी बाजारात मोठ्या नावाची ‘फर्स्ट कॉपी’ मिळते. तिच्यात कोणतं अल्कोहोल आहे याची हमी कोणी देत नाही, आणि ते आपण कातडीवर लावणार असतो. त्यापेक्षा साध्या देशी कंपनीची छोटी खरी बाटली घ्या.

लावायचं कसं

हिवाळ्यात आपली कातडी पांढरी पडते, तडकते. अशा कोरड्या अंगावर सुगंध टिकत नाही. आंघोळीनंतर बिनवासाचं व्हॅसलीन किंवा थोडं खोबरेल हाताला चोळा, त्यावर एक फवारा. दोन पुरे, तिसरा फक्त लग्नाला.

व्हॅनिलिनमुळे सेंट पिवळट-तपकिरी होतो आणि कपड्यावर डाग पडतो. पांढरा सदरा, शाळेची फिक्या रंगाची साडी, रेशमी पदर यांवर कधीही थेट मारू नका. उन्हात उघड्या राहणाऱ्या मानेवर, हाताच्या वरच्या बाजूला संत्रं-बर्गमॉटवाला सेंट नको, काहींच्या कातडीवर ऊन आणि तो वास मिळून काळे डाग उठतात. नुकत्याच दाढी केलेल्या गालावरही नको. आणि चूल, गॅस, देवाचा दिवा यांच्याजवळ फवारा मारायचा नाही. बाटलीत बहुतांश अल्कोहोल असतं, ते पेट घेतं.

ठेवायचं कुठे

पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेलं लोखंडी कपाट आतून भट्टी होतं. बाटली मूळ डब्यातच, आतल्या खोलीत, जमिनीलगतच्या फडताळात, माठ असतो त्या गार बाजूला ठेवा. फ्रिज असेल तर दाराच्या कप्प्यातही चालते, पण डबा घट्ट बंद करून. गाडीच्या डिक्कीत, खिडकीत, आरशाखालच्या फळीवर नको. व्हॅनिला असलेला सेंट वर्षभरात गडद झाला तर तो बिघडला असं समजू नका. वास आंबट किंवा व्हिनेगरसारखा झाला तरच टाका.

म्हणून मी १०० मिलीची मोठी बाटली कोणाला सुचवत नाही, ऑफर कितीही चांगली असली तरी. दसऱ्याच्या सुमारास नमुने मागवा, दिवाळीपर्यंत ठरवा आणि ३० मिली घ्या. रोज दोन फवारे मारले तर ती १५० दिवस पुरते, म्हणजे होळी ओलांडून जराशी पुढेच. एप्रिलचं ऊन चढेपर्यंत बाटली रिकामी होते, मे महिन्यात सांभाळायला काही उरत नाही, आणि पुढच्या दिवाळीला दुसरी जात घेऊन पाहता येते.